आजीचे मोती खरंच 'बसरा' आहेत का? मोडायच्या आधी जरा सांगा

चिंचपेटी | ७ जून, रात्री ९.४०

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

फाल्गुनात आजी गेली (आईची आई). वाटणीत आईकडे तीन वस्तू आल्या: नथ, पाचपदरी तन्मणी आणि कुड्यांचा जोड. आई तिन्हींना सरसकट 'बसरा' म्हणते, कारण आजी म्हणायची. घराची गळती काढायला पैसे हवेत, म्हणून तन्मणी आणि कुड्या मोडायचं घाटतंय. नेहमीच्या सराफाकडे गेलो. तन्मणी हातातही न घेता ते म्हणाले, "वहिनी, मोत्याला मोड नसते. खोडाचं आणि कड्यांचं सोनं धरू, मोती काढून पुडीत बांधून देतो."

इथवर ठीक होतं. पण बाहेर पडताना दुकानातलाच एक गृहस्थ मागे आला आणि हळूच म्हणाला, "काढू नका, आहे तशी तीस हजाराला घेतो." भिंग नाही, वजन नाही. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

दुसरं, नणंदेचं लग्न डिसेंबरात आहे आणि तिला हैदराबादहून मोत्यांचा सेट आणायचाय. दुकानदाराने फोटो पाठवलेत. एक अठराशेचा, एक सतरा हजारांचा. दोन्ही 'ओरिजिनल पर्ल'. मला तर जुळी भावंडं दिसतात.

---

उपटसुंभ | ७ जून, रात्री १०.०५

आमच्याकडेही सगळं बसराच आहे. आजीच्या म्हणण्यावर विश्वास ठेवायचा तर माळ्यावरचं घंगाळसुद्धा.

---

भिंगवाला | ७ जून, रात्री ११.२०

चिंचपेटीताई, पहिली गोष्ट: काहीही मोडू नका, ओवून घेऊ नका, धुऊही नका. तीस हजारवाल्याला फोन नंबर दिला असेल तर उचलू नका.

मुंबईत मोत्यांच्या बाजारात माझी पस्तीस वर्षं गेली, आता निवृत्त आहे. तेव्हा जरा पाल्हाळ लावतो.

बसऱ्याला मोती सापडत नसत. ते बंदर आणि पेठ. मोती निघायचे आखातात, बहारीन, कुवेत, कतारच्या आसपासच्या शिंपल्यांच्या पट्ट्यांवर. तिथून व्यापाऱ्यांमार्फत मुंबईला यायचे. इथे प्रतवारी व्हायची, विंधले जायचे, लडी बांधल्या जायच्या आणि मग पॅरिस-लंडनला रवाना. म्हणजे 'बसरा' हा गावाचा पत्ता नसून बाजाराची भाषा आहे. अर्थ एवढाच: जुना, नैसर्गिक, समुद्राचा मोती. गंमत अशी की हाच शब्द पुढे जे जे मोत्यासारखं दिसेल त्याला चिकटला.

तुमच्या एका प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. मोती आहे की काचेवर मुलामा? मोती असेल तर आपोआप झालेला की माणसाने शिंपल्यात बीज घालून करवलेला, म्हणजे कल्चर्ड? आणि खाऱ्या पाण्याचा की गोड्या? लोक पहिल्याचं उत्तर 'हो' आलं की थांबतात. खरा पैसा दुसऱ्या प्रश्नात आहे. कल्चर्ड मोती खोटा नसतो, हे मात्र नीट लक्षात ठेवा. तो खराच मोती. फक्त त्याला मुहूर्त माणसाने काढून दिलेला असतो.

जपानच्या मिकिमोतोंनी असा अर्धगोल मोती १८९३ मध्ये काढला. पूर्ण गोल यायला आणखी वीस-पंचवीस वर्षं गेली आणि १९२० च्या दशकात ते युरोपच्या बाजारात उतरले. म्हणून मला आधी सांगा: प्रत्येक दागिना कधीचा? आणि नंतर कधी गाठवला आहे का?

---

खाडीपार | ८ जून, सकाळी ७.१५

मी बहारीनला असतो म्हणून थोडी भर. मुहर्रकमध्ये जुन्या मोती-व्यापाऱ्यांची घरं, वखारी आणि किनारा मिळून एक वाट जपून ठेवली आहे. २०१२ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून दोरीने खाली जात आणि बहुतेकांच्या डोक्यावर कर्ज असे. वर मोती चाळायला पितळी चाळण्या, एकाखाली एक, आपल्या रव्याच्या चाळणीसारख्या. आधी जपानी मोती, त्यात १९२९ नंतरची मंदी, आणि १९३२ मध्ये इथे तेल लागलं. दहा-पंधरा वर्षांत सगळा धंदाच बुडाला.

मुंबईशी नातं इतकं घट्ट होतं की बहारीनमध्ये १९६५ पर्यंत रुपयाच चालायचा.

आजही इथे कल्चर्ड मोती विकायला कायद्याने बंदी आहे. तपासायला सरकारी पाठबळाची 'दानात' नावाची प्रयोगशाळा आहे. पण बहारीनमध्ये घेतला म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवू नका. कागद मागा.

---

चिंचपेटी | ८ जून, दुपारी २.३०

आईला विचारलं. नथ पणजीची, तिच्या लग्नातली, म्हणजे १९१५ च्या आगेमागे. तन्मणीही पणजीचीच, पण १९७८ मध्ये पुण्यात एका पटवेकऱ्याकडून पुन्हा गाठवून घेतली होती. कुड्या आजीच्या लग्नात केलेल्या, १९५६.

दाताने घासून बघायचं म्हणतात. सगळेच खरखरीत लागले! मग सगळेच बसरा ना?

---

भिंगवाला | ८ जून, रात्री ९.५०

ताई, दात फक्त काच ओळखतो. मोत्याचे थर म्हणजे चुन्याचे अतिसूक्ष्म पापुद्रे, म्हणून खरखर लागते. मुलाम्याची काच गुळगुळीत. पण कल्चर्ड मोत्याची वरची कातही त्याच शिंपल्याने केलेली असते, म्हणून तोही खरखरणारच. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, दुसऱ्याचं नाही. आणि पुन्हा घासू नका, ओरखडे पडतात.

आता वेज, म्हणजे मोत्याचं भोक, बघा. दहा पट मोठं दिसणारं भिंग घ्या, दोऱ्याशेजारी मोती जरासा सरकवून भोकाच्या तोंडाशी उजेड पडू द्या. जुन्या नैसर्गिक मोत्याचा वेज फार बारीक असतो, कारण वजनावर दाम, आणि विंधताना उडालेली भुकटी म्हणजे उडालेले पैसे. वेज मोठा आणि सुबक असेल तर शंका घ्या. जपानी कल्चर्डमध्ये भोकाच्या आत थोड्या खोलीवर एक गडद रेघ दिसू शकते. तिथे वरची कात संपते आणि आतला मणी सुरू होतो. तो मणी कशाचा, तर बहुतेक वेळा अमेरिकेतल्या मिसिसिपीकडच्या नद्यांमधल्या शिंपल्याचा! जपानी मोती म्हणून मिरवतो आणि पोटात अमेरिका.

पण हे सगळे अंदाज. नैसर्गिक की कल्चर्ड याचा निकाल क्ष-किरण तपासणीशिवाय लागत नाही. आतली वर्तुळं, मण्याची कड, नाहीतर गोड्या पाण्याच्या मोत्यातली मधली वेडीवाकडी पोकळी, हे त्यात दिसतं. मुंबईत जीआयए या रत्नं तपासणाऱ्या संस्थेच्या प्रयोगशाळेत हे होतं. दागिना सोडवावा लागत नाही. ते 'काय आहे' एवढंच लिहून देतात, किंमत लिहीत नाहीत.

तुमच्या माहितीवरून माझा होरा: नथीला आशा भरपूर. कुड्या १९५६ च्या, तोवर जपानी माल आपल्याकडे सर्रास होता. तन्मणीबद्दल ते १९७८ साल मला खुपतंय.

---

माईआत्या | ९ जून, सकाळी ६.१०

आमच्याकडे मोती तांदळाच्या डब्यात ठेवत आणि वर्षातून एकदा रिठ्याच्या कोमट पाण्यातून काढत. सत्तर वर्षं झाली, माझ्या कुड्या अजून लकाकतात. चिंचपेटी, पटवेकऱ्यावर लगेच संशय घेऊ नकोस गं. तेव्हा आम्ही त्यांच्यासमोर बसून गाठवून घ्यायचो. एकेक मोती मोजून द्यायचा आणि मोजून घ्यायचा.

---

भिंगवाला | ९ जून, सकाळी १०.००

माईआत्या, तुमच्या कुड्या लकाकतात त्या तांदळाने नव्हे, तुम्ही त्या रोज घालता म्हणून! बाकी रिठ्याची गरज नाही. ओलसर मऊ फडक्याने पुसलं की झालं. लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट, अत्तर मोत्याजवळ फिरकू द्यायचं नाही. चुना तो, आम्लाने विरघळतो. अत्तर आधी, मोती शेवटी. लॉकरमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षं कोंडलेले मोतीही कोरडे पडतात. गेलेलं पाणी कोणी परत आणून देत नाही.

---

हिशेबी | ९ जून, दुपारी १२.४५

सगळं वाचलं. भावाचं बोला की. सोन्यासारखा रोजचा दर का नसतो मोत्याला?

---

भिंगवाला | ९ जून, रात्री १०.३०

कारण दोन तोळे सोनं हे एक तोळ्याच्या दुप्पट. मोत्याचं तसं नाही.

मुंबईच्या बाजारात नैसर्गिक मोत्याचा हिशेब 'चवा'वर चालतो. ढोबळ मानाने वजनाचा वर्ग करायचा, मोत्यांच्या संख्येने भागायचं, आणि त्याला एक ठरलेला गुणक. गुणक बाजूला ठेवा. आठ कॅरटचा एकच मोती असेल तर आठ आठे चौसष्ट. त्याच आठ कॅरटमध्ये चार-चार कॅरटचे दोन असतील तर चौसष्ट भागिले दोन, बत्तीस. वजन तेच, चव निम्मा. आठ मोती असतील तर आठच. मग चवाला दर लागतो आणि तो दर पाणी, गोलाई, रंग, डाग, जोड पाहून. म्हणून मूठभर बारीक मोती हलके पडतात आणि एकच टपोरा भाव खातो.

बडोद्याचं उदाहरण घ्या. खंडेराव महाराज गायकवाडांचा सात पदरी कंठा होता. त्यातल्या मोत्यांचे दोन पदर न्यूयॉर्कच्या लिलावात २००७ च्या एप्रिलमध्ये सुमारे ७१ लाख डॉलरना गेले. मोती किती? ६८. पण एकेक साडेनऊ ते सोळा मिलिमीटर, नैसर्गिक आणि एकमेकांना जुळणारा. तुमच्या नथीतला मोठा मोती चार-साडेचारचा असेल. त्यामुळे बातमी वाचून हुरळून जायचं नाही.

उलटी बाजूही ऐका. १९१७ मध्ये कार्तिए या जवाहिऱ्याने न्यूयॉर्कची फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरची हवेली घेतली ती दोन पदरी मोत्यांच्या हाराच्या बदल्यात. हाराची तेव्हाची किंमत दहा लाख डॉलर. तोच हार १९५७ मध्ये विकला गेला दीड-पावणेदोन लाखांना. मोती तेच, मधे जपान आला.

सराफ 'मोत्याला मोड नसते' म्हणतो तेव्हा तो लबाडच असतो असं नाही. त्याला मोती कळत नाही आणि त्याच्याकडे पुढे घेणारा नाही. चूक आपली: लोहाराकडे जाऊन कापडाचा भाव विचारतो.

---

उपटसुंभ | ९ जून, रात्री १०.४१

हवेली देऊन हार घेतला आणि राहिली हवेलीच. आमच्या बायकोला हे वाचून दाखवतो.

---

गच्चीबावलीकर | १० जून, सकाळी ११.००

चिंचपेटी, हैदराबादचं मी सांगते, बारा वर्षं इथे आहे आणि प्रत्येक पाहुण्याला घेऊन पथ्थरगट्टीला, म्हणजे इथल्या मोतीबाजारात, जाणं ही माझी शिक्षा आहे.

हैदराबादला समुद्र नाही, मोती इथे कधीच निघाला नाही. निजामांच्या काळापासून इथे आहे तो व्यापार आणि विंधण्याची कला. जवळच्या चंदनपेटमध्ये गावच्या गाव हे काम करायचं. आज दुकानात दिसतो तो बहुतांशी चीनच्या तळ्यांमधला गोड्या पाण्याचा कल्चर्ड मोती. वाईट नाही हं! त्यात मणी न घालता मांसाचा तुकडा घालतात, म्हणून जवळजवळ आरपार मोतीच असतो आणि टिकतोही छान. पण एका शिंपल्यात पुष्कळ निघतात, म्हणून स्वस्त.

अठराशे आणि सतरा हजार फोटोत सारखे दिसणारच. अठराशेचा बहुधा गोड्या पाण्याचा, लांबट किंवा बटणासारखा चपटा. सतरा हजारांचा चांगला गोल असेल, नाहीतर जपानी अकोया. अकोया साधारण तीन ते नऊ मिलिमीटर, आरशासारखा लखलखतो, पण कात पातळ असेल तर काही वर्षांत सोलवटतो. दहा-बारा मिलिमीटरचे पांढरे किंवा सोनेरी साउथ सी ऑस्ट्रेलिया, इंडोनेशिया, फिलिपाइन्सचे. काळे-हिरवट ताहितीचे. हे दोन्ही सतरा हजारांच्या सेटमध्ये कुणी दाखवले तर हसून पुढे जा. स्वस्त काळा मोती म्हणजे रंगवलेला. वेजाच्या तोंडाशी रंग साचलेला दिसतो.

दुकानात मी काय करते: सर पिवळ्या दिव्याखालून उचलून दारात, उन्हाच्या उजेडात नेते. मोत्यात माझ्या डोक्याची कड स्पष्ट दिसली तर पाणी चांगलं, धुरकट दिसली तर नाही. मग पांढऱ्या रुमालावर सर लोळवते. गोल असेल तर सरळ जातो, नाहीतर लंगडतो. आणि बिलावर 'ओरिजिनल' हा शब्द अजिबात चालवून घेत नाही. 'कल्चर्ड, फ्रेशवॉटर', किती मिलिमीटर, किती सर, असं लिहायला लावते. लिहायला का-कू केली की चहा पिऊन बाहेर.

भावात घासाघीस करा. माझ्या नणंदेने सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यात आणला आणि तरी दुकानदार खूश होता, यावरून काय ते समजा.

---

शेतकरीपुत्र | १० जून, दुपारी ४.२०

विषयाला धरून नाही, पण विचारतो. आमच्या शेततळ्यात मोत्यांची शेती करा, मोती आम्हीच विकत घेऊ, असं एकजण सांगतोय. शिंपले आणि प्रशिक्षण मिळून सव्वा लाख.

---

गच्चीबावलीकर | १० जून, सायं. ६.००

शिंपल्यापेक्षा प्रशिक्षणात जास्त मोती असतात, दादा.

---

भिंगवाला | १० जून, रात्री ९.१५

गोड्या पाण्यातल्या आपल्या शिंपल्यात मोती होतो, हे शास्त्र खरं आहे. भुवनेश्वरच्या सीफा या केंद्रीय संस्थेने त्यावर काम केलंय, प्रशिक्षणही देतात. आधी तिथे चौकशी करा. आपल्याकडे जास्त होतात ते गणपतीच्या वगैरे साच्यावरचे डिझाइन मोती. त्यांना गिऱ्हाईक असतं, पण बाजारात गोल मोत्याचा म्हणून जो भाव ऐकवतात तो त्यांना मिळत नाही. आणि 'आम्हीच विकत घेऊ' म्हणणारा कुठल्या प्रतीचा, किती मिलिमीटरचा, काय दराने घेणार, हे करारात नसेल तर तो करार नव्हेच. ऑपरेशन केलेले शिंपले मरतातही, ते धरून हिशेब करा.

---

चिंचपेटी | ४ जुलै, रात्री ८.५५

मंडळी, निकाल आले. आई आणि मी लोकलने दागिने घेऊन गेलो. डबा तिने पोटाशी धरला होता, जणू बाळच.

नथ: सगळे मोती नैसर्गिक, खाऱ्या पाण्याचे. (आई तिथेच रडली.)

कुड्या: चौदाच्या चौदा कल्चर्ड, आत मणी. भिंगवाला काका, तुमच्या तोंडात साखर पडो.

तन्मणी: आतले तीन पदर नैसर्गिक, बारीक आणि वेडेवाकडे. बाहेरचे दोन, मोठे आणि दिसायला सर्वांत देखणे, ते कल्चर्ड.

माझ्या मनात पटवेकऱ्याचं नाव आलंच. घरी येऊन तसं बोललेही. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "१९७८ ला दादाला इंजिनिअरिंगला घातला. बाबांचा पगार तेव्हा सात महिने थकला होता. फी कुठून आली हे आम्ही कधी विचारलंच नाही."

आजी त्यानंतरही प्रत्येक लग्नात ती तन्मणी घालून मिरवली, आणि कुणी विचारलं की सांगायची, बसरा.

---

उपटसुंभ | ४ जुलै, रात्री ९.२०

दोन मोती गळाले, असं पानिपतच्या पत्राचं लिहायला आलो होतो. राहू दे. आजींना नमस्कार.

---

हिशेबी | ४ जुलै, रात्री ९.३२

मग विकताय का?

---

चिंचपेटी | ५ जुलै, सकाळी ८.१०

कुड्या आणि तन्मणीचं खोड मोडणार होतो, पण मोठ्या मामाला कळल्यावर त्याने गळतीचा खर्च परस्पर भरून टाकला. वर म्हणतो, "तन्मणी माझ्याकडे द्या, नाहीतर कुणाकडेच नको." आता आई आणि मामात जुंपली आहे, त्यात मी पडणार नाही. नथ कपाटात नाही ठेवणार, श्रावणात मंगळागौरीला घालणार आहे.

काका, तन्मणीचा दोरा पार कुजलाय. ओवायचा कशात? आणि पुण्यात अजून कोणी पटवेकरी आहेत का?

---

भिंगवाला | ५ जुलै, सकाळी १०.४०

रेशमात. नायलॉनची तार नको, बारीक वेजाच्या कडा ती कापत जाते. प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारून घ्या, म्हणजे तुटली तर एकच पडेल. आणि पदर सोडवण्याआधी फोटो काढा, मोती मोजा, आतले तीन आणि बाहेरचे दोन वेगवेगळ्या पुड्यांत ठेवा. पटवेकरी रविवार पेठेत आणि लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्ल्यांत विचारा. जाहिरात करत नाहीत ते, सराफांचे नोकर पत्ता सांगतात.

---

माईआत्या | ५ जुलै, दुपारी १.००

आणि समोर बसून गाठवून घे. डबा बरोबर ने, दुपारच्या जेवणाचा. पाच पदरांना वेळ लागतो.